दाजींच्या निळ्या कंपासपेट्या

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक बबनराव, कुणाच्याही घरी गेले की आधी खुर्ची उलटी करतात. घरची बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी असते आणि हे खुर्चीचं बूड बघत असतात. नखानं एक टिचकी, अंगठ्यानं एक दाब, आणि मग निकाल. "फिलर मारलाय. बसा, पण डुलू नका."

फिलर म्हणजे प्लास्टिकच्या दाण्यात स्वस्तात भर घालायला वापरतात ती खडूसारखी भुकटी. हे मला ठाऊक, कारण दाजी कामाला आहेत त्याच कारखान्यात मी पॅकिंगच्या टेबलावर असते. पण शिरूरला आम्ही दाजींच्या पुतणीसाठी स्थळ बघायला गेलो, तेव्हा त्या लोकांना काय ठाऊक? मुलाच्या बापाला वाटलं, पाहुणे आपल्या घराण्याबद्दल काहीतरी बोलले. चहा आला तो गार आला. पुतणीचं पुढं चांगल्या ठिकाणी झालं. तिथल्या खुर्च्या लोखंडी होत्या. अक्कानं आधीच चौकशी करून ठेवली होती.

जात मोडायला निघालेला हा माणूस, पण याच्या लेखी प्लास्टिकच्या जगात दोनच जाती. एक साधं पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, आणि दुसरं त्याचंच रबर मिसळलेलं भावंड, कोपॉलिमर. साधं पीपी कडक, चकचकीत, दिसायला रुबाबदार. थंडीत आदळलं की फुटलं. कोपॉलिमर जरा मऊ. वाकवलं की वाकल्या जागी पांढरं पडतं, पण तुटत नाही. दाजी हा नियम माणसांनाही लावतात. "तुझी अक्का कोपॉलिमर. पांढरी पडती, तुटत न्हाई. मी साधं पीपी."

"साधं कुठलं, तुमच्यात फिलर हाय," अक्का चुलीपुढून म्हणते. मेहुणीनं यावर हसायचं असतं, मी हसते.

आता त्यांच्या दुखण्याचं सांगते. दाजी मूळचे राहूचे. दहावीला गणितानं आडवं पाडलं आणि ते नदी ओलांडून कोरेगाव भीमाला कारखान्यात लागले. तेव्हापासून आजपर्यंत त्यांनी मोटारीच्या आतल्या क्लिपा केल्या. दाराच्या पत्र्याला आतलं आवरण धरून ठेवते ना, ती बोटाएवढी काळी क्लिप. लाखांनी केल्या असतील. पण ती क्लिप कुणाला दिसत नाही. दिसली तर समजायचं, गाडी मोडली.

पाटसला एका लग्नात दाजी मांडवातून गायब झाले. शोधायला गेलो तर बाहेर उभ्या असलेल्या एका नव्याकोऱ्या गाडीच्या उघड्या काचेतून अर्धे आत गेलेले, पाय तेवढे बाहेर. गाडीचा मालक हातात जेवणाचं ताट घेऊन ओरडतोय, "ए, चोर हाय का कोण हाय?"

आतून आवाज आला, "चोर न्हाई, बाप हाय! ह्या क्लिपचा बाप हाय मी!"

माणसं हसली. दाजीही हसले. पण परत येताना मोटारसायकलवर ते एक शब्द बोलले नाहीत, असं अक्का सांगत होती. आणि राहूला गेलं की धुरपदा आजी पारावरून हमखास विचारायची, "बबन्या, तू करतो तरी काय रं त्या कंपनीत?"

"दिसत न्हाई ते करतो, आजी."

"म्हंजी भुताटकी?"

असं वर्षानुवर्षं. यंदा एप्रिलअखेर दाजी निवृत्त होणार होते. अक्का म्हणायची, आता तरी घरातल्या खुर्च्या सुलट्या राहतील. पण दाजींच्या डोक्यात एकच घोळत होतं. एकदा, फक्त एकदा, राहूतल्या माणसानं हातात धरावी आणि म्हणावं, ही बबननं केली, अशी एक वस्तू. मग घरी बसायला ते मोकळे.

तशी वेळ आलीही. आमच्याकडं बाबासाहेबांच्या जयंतीला हार-तुऱ्यापेक्षा मुलांना वह्या-पेनं वाटायची पद्धत. कमिटीच्या बैठकीत दाजी उठून उभे राहिले आणि म्हणाले, "यंदा पोरास्नी कंपासपेट्या. माझ्या हातच्या."

कमिटीचा अध्यक्ष सतीश, नात्यानं दाजींचा भाचा. तो म्हणाला, "मामा, पेट्या निळ्या पाहिजेत. आन् फिक्कट चालणार न्हाई. झेंड्याला शोभल असा निळा."

"निळा म्हंजी निळाच," दाजी म्हणाले. सगळं तिथंच वाकडं झालं, पण तेव्हा कुणाला कळणार?

कारखान्याचे मालक आप्पा. कोंडिबा आप्पा मूळचे बागायतदार, रस्त्याकडेच्या रानात शेड टाकली आणि मशिनं बसवली. अजूनही मशीनला ते बैलासारखंच वागवतात. जाता-येता पाठीवर थाप मारतात. दाजींना रविवारी मशीन वापरायला त्यांनी एका शब्दात हो म्हटलं. कंपासपेटीचा साचा त्यांच्याकडं होताच. त्या साच्यात दुसरे कामगार पांढऱ्या पेट्या काढायचे, त्या दौंडच्या बाजारात जायच्या. पेटी आणि झाकण एकाच तुकड्यात येतात, मध्ये कागदासारखी पातळ पट्टी, तीच बिजागरी. माझं काम हेच की पेटी मशीनमधून गरम पडली की लगेच झाकण दोन-तीनदा उघडमीट करायचं. गरम असताना वाकवली तर ती पट्टी वर्षानुवर्षं टिकते. गार झाल्यावर पहिल्यांदा वाकवली तर पोराच्या दप्तरात चार दिवसांत तुटते. बोटं भाजतात, पण सवय होते.

दाण्याचं मिश्रण दाजींनी स्वतः ठरवलं. अर्धं साधं पीपी, म्हणजे पेटी कडक राहील. अर्धं कोपॉलिमर, म्हणजे पोरानं बाकावरून पाडली तरी फुटणार नाही. "पोरं पाडणारच," ते म्हणाले. "आपण पाडत न्हवतो का?"

पहिल्या रविवारी चाचणी म्हणून थोड्या पांढऱ्या काढल्या. एकदम सरळ. झाकण टक्कन बसलं. मग दाजींनी निळ्या रंगाचे दाणे मिसळले, हात जोडले, आणि मशीन सुरू केलं.

पहिली निळी पेटी पडली. मी उघडमीट केली, टेबलावर ठेवली. सुंदर दिसत होती. आणि बघता बघता तिच्या झाकणाचे दोन कोपरे वर आले. तेल तापायच्या आधीच पापड कढईत टाकला की तो कसा आळस देत वाकतो, तसे. खटका लागेना. दाबलं की बसायचं, सोडलं की वर.

"तू नीट बंद केली न्हाईस," दाजी मला म्हणाले.

"दाजी, मी चार वर्षं बंद करतेय. पांढऱ्या कशा बसल्या?"

दुसरी तशीच. दहावी तशीच. दाजींनी साचा गार करणारं पाणी वाढवलं, कमी केलं, दाब वाढवला, थांबायचा वेळ वाढवला. झाकणं आपली वाकडी ती वाकडी. मग दाजींनी जगाला दोष द्यायला सुरुवात केली. लाइटचा दाब कमी. दाणा ओला. रंगवाला लुच्चा. साच्याची अलाइनमेंट गेली. यातलं एकही खरं असतं तर पांढरी पेटीही वाकली असती, पण हे बोलायची सोय नव्हती.

आप्पा बाजूला खुर्ची टाकून सगळं बघत होते. हळूच म्हणाले, "बबनराव, राग न्हाई ना येणार? एक नारळ फोडू का? खंडोबाला बोलतो मी."

"आप्पा, तुमच्या मशीनला तुम्ही फोडा, मी कोण न्हाई म्हणणारा? पण ही पेटी जयंतीची हाय. हिच्यासाठी नारळ फोडला तर वर बाबासाहेब मला काय म्हणतील?"

"ते म्हणतील, आधी साचा बघ," आप्पा म्हणाले.

मी रोज सकाळी मेणबत्ती लावून बुद्धवंदना म्हणूनच कामावर येते; त्या दिवशी मनात आणखी एकदा म्हटली. वंदनेनं झाकण सरळ होत नाही एवढं मलाही कळतं. जीव शांत होतो. तो व्हायला हवाच होता, कारण दाजींची बडबड बंद पडली होती, आणि दाजी गप्प बसले की शेडमध्ये मशीन बंद पडल्यासारखं वाटतं.

संध्याकाळी वाकड्या पेट्यांचा ढीग पडला. आमच्याकडं असा माल भंगारवाल्याला जातो. तो सोमवारी पोतं घेऊन आला. दाजी पोत्यावर बसून राहिले.

"न्हाई द्यायचं."

"अहो दाजी, एवढं ठेवून काय करायचंय?"

"ह्याचं तो काय करतो म्हाईत हाय ना? दळतो आन् चपलांच्या कारखान्याला घालतो. जयंतीचा निळा, आन् उद्या कुणाच्या पायात?"

खरं सांगायचं तर मलाही ते बरं वाटलं नसतं. पण पोतं ठेवलं त्याचं पुढं काय केलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

दाजींची मुलगी करुणा रांजणगावला एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. प्लास्टिकचाच डिप्लोमा तिनं केला. बापाच्या नखाच्या टिचकीचं तिनं शिक्षण केलं, असं अक्का म्हणते. तिला फोन लावला तर ती म्हणाली, एक पांढरी आणि एक निळी पेटी पाठवा. पुढच्या रविवारी ती आणि अक्का दोघी कारखान्यात आल्या. अक्काच्या हातात भाकरीचं गाठोडं, करुणाच्या हातात मोबाइल. जयंती मंगळवारी होती. म्हणजे तो रविवार हातचा गेला तर पेट्या गेल्या.

करुणानं फोटो दाखवले. पेट्यांचे पापुद्र्यासारखे काप काढून भिंगाखाली, विशेष उजेडात घेतलेले. पांढऱ्या पेटीत मोठमोठी गोल फुलं, शेजारी शेजारी दाटलेली, आणि प्रत्येक फुलात एक काळी फुली. मला तर दारात काढलेली रांगोळीच वाटली. निळ्या पेटीत फुलं नव्हतीच. नुसता बारीक रवा सांडल्यासारखं.

"प्लास्टिकमध्ये फुलं?" आप्पा पुढं वाकले.

"आप्पा, हे स्फटिक आहेत. प्लास्टिक वितळलं की आतल्या लांब लांब साखळ्या मोकळ्या होतात. गार व्हायला लागलं की त्या घड्या घालून एका ठिकाणापासून चहूबाजूंनी रचत जातात. त्याचं हे फूल."

"रवाळ तूप," अक्का म्हणाली. "हळू गार केलं की मोठा रवा. गडबडीनं केलं की रवा दिसतच न्हाई."

"तसंच गं आई. पण इथं दोन्ही पेट्या सारख्याच गार केल्यात. मग निळीत बारीक का? तर हा निळा रंगच विरजणासारखा आहे. त्याचा प्रत्येक कण म्हणजे एक एक सुरुवात. साखळ्या त्याच्याभोवती पटापट जमतात आणि आधीच, गरम असतानाच बसून घेतात. मग पेटी वेगळीच आकसते. लांबीला एक, रुंदीला एक. झाकण पातळ आणि सपाट, ते वाकतं."

दाजींनी मान हलवली. "म्हंजी निळा पडला की सगळे जमा व्हतात."

"हो पप्पा."

"मग बरोबर हाय की. आपल्यात तसंच हाय." त्यांना एवढा आनंद झाला की क्षणभर विसरले, झाकण अजून वाकडंच आहे.

"आन् कोपॉलिमरचं काय दिसलं?" त्यांनी विचारलं. स्वतःच्या मिश्रणाची त्यांना काळजी.

करुणानं मोबाइलवर आणखी एक फोटो दाखवला. त्यात बारीक बारीक गोल ठिपके, पोहे भिजवताना पाण्याचे थेंब दिसावेत तसे. "हे रबराचे थेंब. तडा धावत येतो आणि यांच्यापाशी थांबतो. मिश्रण चांगलं बसलंय. तुमचं मिश्रण बरोबर आहे."

"मी काय सांगत व्हतो?" दाजी आमच्या सगळ्यांकडं बघून म्हणाले. कुणीही उलट काही सांगितलेलं नव्हतं.

आता उपाय. करुणा म्हणाली, निळा रंग एकाच जातीचा नसतो. हा जो आहे तो विरजण लावणारा. दुसरा एक निळा असतो, खनिजाचा, तो असलं काही करत नाही. शिवाय हा निळा नीट बघितला तर जरा हिरवटच आहे. तो दुसरा खरा गडद. कपड्यांना देतो ती नीळ त्याच जातीची. कारखान्यासाठी वेगळी चांगली मिळते, पण पुण्याहून मागवावी लागेल.

"रविवारी कोण देतंय?" आप्पा म्हणाले.

अक्का तोवर पदर खोचून उभी राहिलेली. "नीळ? नीळच म्हणाली ना गं तू? जयंतीच्या आठवड्यात आपल्या कुठल्या घरात नीळ नाही ते मला दाखव."

खरंच होतं. पांढरे सदरे, पांढऱ्या साड्या, सगळं नीळ घालून वाळत पडलेलं. मी वस्तीत गेले. घराघरातून पुड्या गोळा केल्या, आणि कमी पडली म्हणून दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "बाई, यंदा किती कपडे धुताय?" मी म्हटलं, "कपडे नाही, प्लास्टिक." त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पुड्या मुकाट्यानं दिल्या.

घमेल्यात दाणा ओतला, भुकटी चिकटून राहावी म्हणून भाकरीच्या गाठोड्यातलं गोडेतेल थोडं चोळलं, आणि वर नीळ. अक्कानं आणि मी चिवड्यासारखं कालवलं. कोपरापर्यंत निळ्या झालो. दाजींनी मशीन चालू केलं.

पहिली पेटी पडली. मी उघडमीट केली. टेबलावर ठेवली. सगळे वाकून बघत बसले. आप्पांनी खिशात हात घातला. नंतर कळलं की नारळ गाडीत होता आणि ते किल्ली चाचपत होते.

कोपरे वर आले. आधीएवढे नाही, पण आले.

दाजी जमिनीवर बसले, भिंतीला टेकून. मला वाटलं आता ते निळ्याला, नीळवाल्याला, निदान मला तरी शिव्या देतील. त्यांनी फक्त टोपी काढून मांडीवर ठेवली. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "सतीशला फोन करा. बाजारातनं आण म्हणावं. धुरपदा म्हातारी म्हणती तेच खरं. भुताटकीच ती."

अक्का त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि तिनं भाकरीचं फडकं सोडलं. आमच्याकडं असं संकट आलं की आधी खातात.

करुणा मात्र घमेल्यातले उरलेले दाणे हातानं चाळत होती. "पप्पा," तिनं विचारलं, "ह्यात हे कापलेले निळे तुकडे कसले?"

दाजींनी भाकरीचा तुकडा मोडला.

"पप्पा, कसले?"

"मागल्या रविवारच्या पेट्या. दळल्या मी. थोड्या थोड्या मिसळल्या ह्यात. वाया जाऊ न्हायेत म्हणून."

करुणानं कपाळाला हात लावला. तो हात निळा होता, त्यामुळं कपाळही. "पप्पा, विरजण म्हटलं ना मी! एक चमचा दही सगळ्या दुधाला पुरतं. तुम्ही वाटीभर टाकलंत!"

"मग काय भंगारात घालू? चपला करू दे त्याला?"

"तुम्हाला जयंतीचा निळा जपायचाय का पोरांच्या हातात पेटी द्यायचीय? एक काहीतरी सांगा."

बापलेकीत एवढं तडाख्याचं बोलणं मी आधी ऐकलं नव्हतं. दाजींचा चेहरा वाकवल्यासारखा झाला आणि मला वाटलं, हा माणूस आता फुटतो. साधं पीपी. पण अक्का शांतपणे म्हणाली, "ते दळलेलं पोतं आपल्या घरी न्यायचं. माळ्यावर ठेवायचं. भंगारात न्हाई, चपलात न्हाई. आन् ह्यातबी न्हाई. उठा आता, भाकरी झाली खाऊन."

तडा थांबला. ते थेंब कसले असतात म्हणाली होती करुणा, ते मला तेव्हा कळलं.

दाजी उठले. घमेलं रिकामं केलं. पण करुणा म्हणाली, मशीनच्या नळीतही जुना निळा चिकटलेला असणार, तो पुरता निघेपर्यंत पेटी काढायची नाही. मग नुसता बिनरंगी दाणा घालून मशीन ओकतं ठेवलं. निळे लोंदे बाहेर पडायला लागले. आधी गडद, मग फिके, मग नुसती निळसर झाक. प्रत्येक वेळी दाजी विचारायचे, "बास?" आणि करुणा म्हणायची, "अजून." आप्पा म्हणाले, "पोरगी तुमच्यावरच गेली, बबनराव. दाण्याचं मोल न्हाई हिला." पण दाणा त्यांनीच आणून ओतला.

लोंदे तापलेले, पायाशी फेकायची पद्धत. दाजी ते चिमट्यानं उचलत होते आणि आपल्या टॉवेलावर ओळीनं मांडत होते. टॉवेल जळून भोकं पडली. अक्का बघत होती. टॉवेल तिच्या माहेरचा होता.

लोंदे अगदी दुधासारखे पडायला लागल्यावर नवं मिश्रण गेलं. नवा दाणा, नवी नीळ. पेटी पडली. मी उघडमीट केली आणि टेबलावर ठेवली.

ती तशीच राहिली. आम्ही वाट बघितली. कोपरे हलले नाहीत. मी झाकण बंद केलं आणि खटका बसल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. वंदनेच्या शेवटी म्हणतात तसं मी मनातल्या मनात तीनदा साधू म्हटलं. आप्पा तर पळतच गेटबाहेर गेले, तिथं फट्‌कन आवाज झाला, आणि खोबऱ्याचे तुकडे घेऊन आले.

"मशीनच्या नावानं फोडलाय, पेटीच्या न्हाई," ते म्हणाले.

"मग चालतंय," दाजी म्हणाले, आणि सगळ्यांत मोठा तुकडा त्यांनीच घेतला.

रंग अगदी एकसारखा नव्हता. पुडीतली नीळ ती, कुठं ठिपका राहिला, कुठं ढग आल्यासारखी रेघ. करुणा म्हणाली, कंपनीत हा माल पास झाला नसता. दाजी म्हणाले, "ही काय कंपनी हाय का? ही जयंती हाय." पण आता वाकणार तर नाही ना, ही धास्ती त्यांची जाईना. त्यांनी मला हुकूम सोडला, प्रत्येक पेटी गरम असतानाच घट्ट बंद करून ठेवायची, गार झाल्यावरच पोत्यात. मी म्हटलं, "दाजी, खटका आवळंल हो." ते म्हणाले, "आवळू दे. उघडी ऱ्हायली तर मी मरंन."

मंगळवारी आम्ही सगळे राहूला. आप्पासुद्धा आले, पांढरा फेटा बांधून. मिरवणूक झाली, वंदना झाली, मग मांडवात कार्यक्रम. दाजी पुढच्या रांगेत, नीळ घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यात. खुर्चीवर बसले ते सरळ बसले. खुर्ची उलटी केली नाही. मी आणि अक्कानं एकमेकींकडं बघितलं. असं आम्ही पहिल्यांदा बघत होतो.

सतीशनं माइक घेतला. मंडपवाल्याचे आभार. आवाजवाल्याचे आभार. पाण्याचा टँकर दिला त्याचे. जेवणाचा आचारी. पोलीस बंधू. व्यासपीठावरचे सगळे मान्यवर, त्यांच्या पदांसकट. कंपासपेट्या वाटल्या, टाळ्या झाल्या, आणि सतीश पुढच्या भाषणाकडं वळला. पेट्या कुणी केल्या ते राहूनच गेलं. मुद्दाम नाही, त्याच्या हातातल्या कागदावर नसेल. दाजी समोर बघत राहिले. त्यांचा अंगठा खुर्चीच्या कडेवर होता, नुसता. दाबतही नव्हते.

तेवढ्यात एक पोरगी खुर्च्यांच्या रांगेतून वाट काढत आली. मोनाली, धुरपदा आजीची पणती, दोन वेण्या. तिनं पेटी दाजींच्या मांडीवर आपटली.

"आजोबा, ही उघडतच न्हाई. आजी म्हणती, बबन्यानं केलीय, त्यालाच विचार."

दाजींनी पेटी हातात घेतली. खरंच आवळली होती, मी सांगितल्याप्रमाणं. त्यांनी नखानं खटक्याखाली दाब दिला, टक्कन उघडली. बंद केली, उघडली, बंद केली. "अशी. अंगठा हितं. जोर न्हाई, चलाखी. चार दिवसांत सैल व्हईल."

"माझीपण न्हाई उघडत!" मागून एक पोरगा.

"माझीपण!"

बघता बघता दाजींच्या भोवती पोरांचा घोळका. प्रत्येकाच्या हातात निळी पेटी, प्रत्येकाची तक्रार. एकाच्या पेटीवर ठिपका होता, त्याला बिनठिपक्याची पाहिजे होती. दाजी त्याला समजावत होते, ठिपक्याची फक्त तुलाच मिळाली, शाळेत दुसऱ्या कुणाकडं नसंल. मागं धुरपदा आजी काठी टेकत आली होती. तिनं एका पोराची पेटी घेऊन झाकण वाकवून बघितलं, वाकल्या जागी पांढरी रेघ आली.

"तुटत न्हाई की रं बबन्या."

"तुटायची न्हाई, आजी. कोपॉलिमर हाय."

"ते काय ते आसंल. मला एक दे. मिश्री ठेवायला."

एवढ्यात सतीशला कुणीतरी कानात सांगितलं असावं. माइकवर त्याचा आवाज आला, "एक राहिलं, माफ करा. आपले बबनमामा, ज्यांनी स्वतःच्या हातानं ह्या पेट्या केल्या, त्यांनी सत्कारासाठी व्यासपीठावर यावं. मामा! बबनमामा, या वर!"

सगळा मांडव मागं-पुढं बघायला लागला. दाजी पोरांच्या गराड्यात होते, त्यांची टोपी तेवढी दिसत होती. अक्कानं त्यांच्या दंडाला चिमटा काढला. "अहो, बोलावतायत. जा की."

दाजींनी मान वर केली नाही. हातातल्या पेटीचा खटका नखानं सोडवत, माइकपेक्षा मोठ्या आवाजात ते ओरडले, "थांब रं जरा! गिऱ्हाईक हाय!"